बोली चढवणारा तो दुसरा कोण?

मे 2000. ईबेवर एक मोठं अमूर्त चित्र लिलावाला आलं. सुरुवात 25 सेंटपासून. विक्रेत्याने मोठ्या भोळेपणाने लिहिलं होतं, की बायको हे चित्र घरात टांगू देत नाही आणि पोराच्या प्लास्टिकच्या तीनचाकीने त्याला भोकही पडलंय. चित्रकाराचं नाव कुठेच नव्हतं. फोटोत मात्र कोपऱ्यातली ‘आरडी 52’ ही अक्षरं दिसत होती. शौकिनांनी काय ते ओळखलं: नामवंत अमेरिकी चित्रकार रिचर्ड डीबेनकॉर्न! बोली 1,35,805 डॉलरवर थांबली.

विक्रेता केनेथ वॉल्टन हा कॅलिफोर्नियातला वकील. त्याला ना बायको होती, ना पोर. ती अक्षरंही त्यानेच रंगवलेली. पण ईबेने सौदा रद्द केला तो वेगळ्याच कारणाने: पठ्ठ्याने दुसऱ्या नावाने आपल्याच चित्रावर बोली लावली होती. एफबीआयच्या तपासात तिघांची टोळी निघाली. चाळीसहून जास्त खाती उघडायची आणि एकमेकांच्या मालावर बोली चढवायची, हा त्यांचा धंदा. 2001 मध्ये वॉल्टनने गुन्हा कबूल केला. 2006 मध्ये त्याने या सगळ्यावर पुस्तकही लिहिलं!

ही चलाखी चालते कशी? समजा, जुन्या घड्याळाची बोली 2,000 रुपयांवर आहे आणि तुम्ही कमाल मर्यादा 5,000 दिली. ती गुप्त राहते. समोरून बोली आली की संकेतस्थळ तुमच्या वतीने थोडी थोडी वाढवत जातं. विक्रेत्याचा डमी, म्हणजे त्यानेच उभा केलेला खोटा बोलीदार, हळूहळू वर सरकतो आणि प्रत्येक वेळी तुमचाच आकडा फुगतो.

याहून बेरकी प्रकार म्हणजे थेट 10,000 ची बोली. तुमची 5,000 ची मर्यादा उघडी पडते. मग ‘चुकून एक शून्य जास्त पडलं’ म्हणत ती मागे घ्यायची आणि दुसऱ्या खात्यावरून 4,900 लावायचे. अंदाज चुकून डमीच जिंकला, तर दोन दिवसांनी तुम्हाला निरोप येतो, ‘आधीच्या गिऱ्हाइकाने माघार घेतली, तुमच्या बोलीला देतो.’ असा निरोप आला की आधी ते गिऱ्हाईक कोण होतं ते बघावं.

बघायची सोय असते. ईबेवर बोलीदारांची नावं झाकलेली असली, तरी बोलींच्या इतिहासात त्यांची गेल्या तीस दिवसांची हालचाल दिसते: किती बोली, त्यातल्या याच विक्रेत्याकडे किती टक्के, मागे किती घेतल्या. खातं कोरं, बोली शंभर टक्के एकाच दुकानात आणि दरवेळी हार, असं दिसलं तर सरळ बाजूला व्हावं. एखादा खरा संग्राहकही एकाच विक्रेत्याला धरून असतो, त्यामुळे नुसत्या टक्केवारीवर जाऊ नये. तसाच माल आधी केवढ्याला विकला गेला ते पाहून आपला आकडा ठरवावा आणि तो अगदी शेवटच्या काही सेकंदांत टाकावा. तेव्हा डमीला चढवायला वेळच उरत नाही.

आपल्याकडे 1930 च्या माल विक्री कायद्याचं कलम 64 इथे कामाला येतं. बोली लावायचा हक्क विक्रेत्याने आधी जाहीरपणे राखून ठेवला नसेल, तर तो स्वतः बोली लावू शकत नाही, माणूसही उभा करू शकत नाही. खोट्या बोलीने भाव चढवला असेल, तर खरेदीदाराला सौदा रद्द करता येतो. मात्र त्यासाठी पुरावा लागतो. म्हणून पैसे भरण्याआधीच बोलींच्या यादीचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत. लिलाव संपल्यावर ते पान कायम राहीलच असं नाही.