घरातल्या वायफायचीही तपासणी

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी सकाळी दिल्लीच्या एम्समधील संगणकव्यवस्था ठप्प झाली. नवी नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, रुग्ण दाखल करणे, त्याला घरी सोडणे, बिले, सगळे पुन्हा हाताने लिहायची वेळ आली आणि हा कारभार जवळपास दोन आठवडे तसाच चालला. सरकारी रुग्णालयातली सोमवार सकाळची केसपेपरची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. पुढे डिसेंबरमध्ये सरकारने संसदेत माहिती दिली, की पाच सर्व्हर बाधित झाले होते आणि त्याचे कारण म्हणजे रुग्णालयाच्या अंतर्गत जाळ्याचे योग्य विभाजन केलेले नव्हते.

आम्हा डॉक्टरांना हे वाक्य ओळखीचे वाटते. गोवराचा रुग्ण जनरल वॉर्डात ठेवला तर काय होईल? तो एकटा आजारी राहत नाही. म्हणून आपण त्याला वेगळ्या खोलीत ठेवतो. संगणकाच्या जाळ्यातही तोच नियम आहे, आणि तो तुमच्या-आमच्या दोन खोल्यांच्या घरालाही लागू पडतो.

सिडको असो की गंगापूर रोड, आज साध्या घरातही राउटरला सात-आठ उपकरणे जोडलेली असतात. चार मोबाइल, टीव्ही, दारावरचा कॅमेरा, मुलांचा लॅपटॉप, कधी वायफायवर चालणारा दिवा. ज्या लॅपटॉपवरून वडिलांच्या पेन्शनचे खाते उघडतो, तो आणि स्वस्तात आणलेला कॅमेरा, दोघे एकाच वॉर्डात! बहुतेक राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ नावाची सोय असते. ती चालू करा आणि टीव्ही, कॅमेरा, पाहुण्यांचे मोबाइल तिकडे जोडा. बँकेचे व्यवहार होतात ती उपकरणे मूळ जाळ्यावर ठेवा. दहा मिनिटांचे काम आहे. केबलवाल्याचा मुलगा बसवायला येतो तेव्हाच त्याच्याकडून करून घेतले तर उत्तम.

त्याच्याकडून आणखी एक गोष्ट करून घ्यायची. राउटरला दोन पासवर्ड असतात, हे अनेकांना माहीतच नसते. एक वायफायचा, जो आपण पाहुण्यांना सांगतो. दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा. तो बहुधा कारखान्यातून आला तसाच ‘ॲडमिन’ असतो आणि वर्षानुवर्षे कोणी त्याला हात लावत नाही. राउटर उलटा करून पाहा, खालच्या चिकटपट्टीवर १९२.१६८.१.१ किंवा तसाच एक पत्ता असेल. घरच्या वायफायवर असताना तो ब्राउझरमध्ये टाकला की सेटिंगचे पान उघडते.

न बदललेल्या पासवर्डने काय होते ते २०१६ मध्ये ‘मिराई’ने दाखवले. हा घातक प्रोग्राम इंटरनेटवर फिरत कॅमेरे आणि राउटर शोधायचा आणि कारखान्यातून येणाऱ्या साठेक ठरावीक नाव-पासवर्डच्या जोड्या लावून पाहायचा. एवढ्यावर लाखो उपकरणे त्याच्या ताब्यात गेली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच उपकरणांच्या फौजेने हल्ला केला, तेव्हा अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास विस्कळीत झाल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता. टायफॉइडचा वाहक जसा स्वतः ठणठणीत असतो आणि इतरांना आजार देत फिरतो, तसेच हे.

आता वायफायच्या पासवर्डकडे वळू. आपल्याकडे तो बहुधा घरातल्या कर्त्या माणसाचा मोबाइल नंबर असतो. दहा आकडे म्हणजे पुष्कळ झाले असे वाटते, पण हिशेब करून पाहा. भारतातले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. वायफायची जोडणी होताना हवेतून जाणारी माहिती एकदा पकडली, की पुढचे काम हल्लेखोर आपल्या घरी बसून करू शकतो. गेम खेळण्यासाठी घेतलेले चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाख पासवर्ड पडताळू शकते. ४०० कोटींना साधारण ४,००० सेकंद, म्हणजे तासाभरापेक्षा थोडे जास्त. जन्मतारखेचे तर बोलायलाच नको. शंभर वर्षांतल्या सगळ्या तारखा मिळून ३६,५२५ होतात. शाळेत प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या आठवीतल्या मुलाला त्या सगळ्यांची यादी छापणारा प्रोग्राम लिहायला सांगा, पाच-सहा ओळींत होतो. त्याचा सरावही होईल आणि घरातल्यांचे डोळेही उघडतील.

उपाय सोपा आहे. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द चिठ्ठ्या टाकून निवडा, शेवगा-पाटा-रिक्षा-ढग असे काहीतरी, आणि इंग्रजी लिपीत सलग लिहा. पाच हजार शब्दांतून असे चार निवडले, तर त्याच वेगाने सगळ्या शक्यता तपासायला वीसेक वर्षे लागतील. (वर दिलेले चार मात्र वापरू नका.) पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवायलाही माझी हरकत नाही. परदेशात बसलेला चोर नाशिकरोडच्या कपाटातली वही वाचायला येत नाही. एकच सोपा पासवर्ड सगळीकडे वापरणे त्यापेक्षा कितीतरी धोक्याचे.

लसीकरणाबद्दल थोडे. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ जगभर पसरला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ पैकी किमान ८० ट्रस्टना त्याची झळ बसली, अंदाजे १९ हजार रुग्णांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. लस दोन महिने उपलब्ध होती, टोचून घेतली नव्हती. मोबाइलवर ‘अपडेट’ची सूचना येते ती हीच लस असते आणि आपण ‘नंतर’वर बोट ठेवतो.

यात आपल्या घरांची एक खास रीत अडचणीची ठरते. मुलगा नवा फोन घेतो आणि पाच-सहा वर्षांचा जुना आजीकडे किंवा आजोबांकडे जातो. त्या फोनला कंपनीने अपडेट देणे कधीच थांबवलेले असते आणि पेन्शनचे खाते नेमके त्यावर असते. मला विचाराल तर उलटे करावे. जुना फोन नातवाला गाणी ऐकायला द्या, अपडेट मिळणारा आजोबांना.

एम्सची ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली ती बाधा न झालेल्या बॅकअप सर्व्हरवरून. घरीही फोटो, सातबाराचे उतारे, आईच्या शुगरचे आणि ईसीजीचे जुने अहवाल एका वेगळ्या हार्डडिस्कवर महिन्यातून एकदा उतरवून घ्या. काम झाले की ती काढून कपाटात ठेवा. जोडलेलीच राहिली तर संगणकाबरोबर तिलाही कुलूप लागते.

एवढे सगळे केले तरी एक दार उघडे राहते, ते म्हणजे आपण स्वतः. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा वाहतुकीच्या दंडाचे चलन म्हणून एक फाइल येते, जिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असते. पत्रिका कधी एपीके नसते. ते ॲप असते आणि ते बसवून परवानग्या दिल्या, की तुमचे मेसेज आणि ओटीपी दुसरीकडे जाऊ लागतात. सिंहस्थ जवळ येतो आहे. प्रयागराजला २०२५ च्या महाकुंभात खोट्या बुकिंग संकेतस्थळांबद्दल पोलिसांना इशारे द्यावे लागले होते. बाहेरगावचे नातेवाईक खोल्या शोधू लागले, की त्यांनाही हे कळवा.

आणि फसलोच तर? हृदयविकारात आम्ही पहिल्या तासाला फार महत्त्व देतो, इथेही तसेच आहे. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो, वाटेत अडवता येतो, पण लवकर कळवले तरच. १९३० हा राष्ट्रीय क्रमांक त्यासाठीच आहे. बँकेलाही त्याच वेळी फोन करा, दुसऱ्या फोनवरून. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणाने नुकसान झाले असले, तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे पुढचे नुकसान बँकेने सोसायचे असते.

प्रत्यक्षात काय होते? रक्तदाब अचानक वाढलेला, झोप उडालेली, जेवणावर वासना नाही, असे एखादे काका बाह्यरुग्ण विभागात येतात. गोळ्या नियमित चालू असतात. सोबतची सून बाहेर गेली की हळूच सांगतात, ‘डॉक्टर, महिन्यापूर्वी साठ हजार गेले, घरात बोललो नाही.’ महिनाभराने त्या पैशाचा माग लागणे अवघड असते. म्हणून घरातल्या ज्येष्ठांना १९३० चा कागद फ्रीजवर चिकटवून द्या, आणि तिथेच लिहा: आधी या नंबरवर, मग मला. तक्रार करेपर्यंत आलेले मेसेज पुसू नका आणि व्यवहाराचा क्रमांक कागदावर उतरवून ठेवा.