छायाचित्रणातील कृत्रिम बुद्धिमत्ता : सर्जनशील शक्यता आणि नैतिक प्रश्न

सारांश :
छायाचित्र हे समाजात कलाकृती आणि पुरावा अशा दोन्ही नात्यांनी वावरत आले आहे. कॅमेऱ्याशिवायही हुबेहूब छायाचित्रासारखी प्रतिमा निर्माण करणे कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे शक्य झाले असून त्यामुळे या दोन नात्यांमध्ये ताण उत्पन्न झाला आहे. प्रस्तुत लेखात छायाचित्रणातील फेरफाराची परंपरा, नव्या तंत्राची कार्यपद्धती, त्यातून खुल्या झालेल्या सर्जनशील वाटा आणि साक्ष, संमती, कर्तृत्व व पूर्वग्रह या संदर्भातील नैतिक प्रश्न यांची चर्चा केली आहे. प्रतिमा कोणत्या साधनाने घडली यापेक्षा ती पाहणाऱ्यासमोर कोणत्या दाव्यासह ठेवली जाते, हा नैतिकतेचा मुख्य निकष ठरतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : छायाचित्रण, कृत्रिम बुद्धिमत्ता, सर्जनशीलता, साक्ष, संमती, स्वामित्वहक्क.

प्रस्तावना :
छायाचित्र खोटे बोलत नाही, ही समजूत गेली पावणेदोनशे वर्षे समाजमनात रुजलेली आहे. न्यायालयात, वृत्तपत्रात, पारपत्रावर आणि घरातील भिंतीवरही छायाचित्राला जे स्थान मिळाले, ते या विश्वासामुळेच. २०२३ या वर्षातील दोन घटनांनी हा विश्वास दोन वेगवेगळ्या बाजूंनी तपासून पाहिला.

पहिली घटना कलाक्षेत्रातील आहे. जर्मन कलावंत बोरिस एल्डॅगसेन यांच्या 'द इलेक्ट्रिशियन' या प्रतिमेला सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्स या स्पर्धेच्या खुल्या गटातील सर्जनशील विभागात पारितोषिक जाहीर झाले. जुन्या कृष्णधवल छायाचित्रासारखी दिसणारी ही दोन स्त्रियांची प्रतिमा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने निर्माण केलेली होती. एप्रिल २०२३ मध्ये एल्डॅगसेन यांनी हे पारितोषिक नाकारले. अशा प्रतिमा आणि छायाचित्रे यांची एकाच स्पर्धेत तुलना होऊ नये, अशी त्यांची भूमिका होती.

दुसरी घटना २८ मे २०२३ रोजी नवी दिल्ली येथे घडली. नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाच्या दिवशी तेथे मोर्चाने निघालेल्या आंदोलक कुस्तीपटूंना पोलिसांनी ताब्यात घेतले. वाहनातून नेले जात असताना काढलेल्या एका छायाचित्रात विनेश फोगाट आणि संगीता फोगाट यांचे चेहरे गंभीर होते. लवकरच त्याच छायाचित्राची दुसरी आवृत्ती समाजमाध्यमांवर पसरली. तीत दोघींच्या चेहऱ्यांवर हसू होते. चेहरा बदलणाऱ्या आज्ञावलीने घडविलेले हे हसू आंदोलनाच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्यासाठी वापरले गेले.

दोन्ही प्रतिमांमागे संगणकाचेच तंत्र होते. तरीही पहिल्या घटनेने कलाविषयक वादाला चालना दिली, तर दुसरीने माणसांच्या दुःखाची साक्ष पुसण्याचा प्रयत्न केला. हा फरक कशामुळे पडतो, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

उद्दिष्टे :
१) छायाचित्रणातील फेरफाराच्या परंपरेचा आढावा घेणे.
२) कृत्रिम बुद्धिमत्तेने खुल्या केलेल्या सर्जनशील शक्यता स्पष्ट करणे.
३) या तंत्राच्या वापरातून उद्भवणाऱ्या नैतिक व कायदेशीर प्रश्नांची चिकित्सा करणे.

अभ्यासपद्धती :
प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून १८४० ते २०२५ या काळातील निवडक घटना आणि कायद्यातील तरतुदी यांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन :

१) फेरफाराची परंपरा :
छायाचित्रातील बनाव हा संगणकयुगाचा शोध नव्हे. १८३९ मध्ये दागेर यांच्या तंत्राची घोषणा झाली आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे १८४० मध्ये, इपोलीत बायार या फ्रेंच संशोधकाने स्वतःला बुडून मेलेला माणूस म्हणून दाखविणारे छायाचित्र तयार केले. आपल्या शोधाची उपेक्षा झाल्याचा तो उपरोधिक निषेध होता. १८५७ मध्ये ऑस्कर रेयलँडर यांनी तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून 'टू वेज ऑफ लाइफ' ही रूपकात्मक प्रतिमा घडविली.

आपल्याकडील स्टुडिओंची परंपराही याच वाटेने गेलेली दिसते. रंगविलेल्या पडद्यावरील राजवाडा, कृष्णधवल छायाचित्रावर हाताने चढविलेले रंग, दिवंगत वडिलांचा चेहरा जोडून पूर्ण केलेले कौटुंबिक छायाचित्र या गोष्टी महाराष्ट्रातील अनेक घरांना परिचित आहेत. यात कोणाला फसविले गेल्याची भावना नव्हती. कारण छायाचित्र कसे घडले हे पाहणाऱ्यांना ठाऊक असे.

याउलट, फेब्रुवारी १९८२ च्या 'नॅशनल जिओग्राफिक' मासिकाने मुखपृष्ठाच्या उभ्या आकारात बसावेत म्हणून गिझा येथील पिरॅमिड संगणकाच्या साहाय्याने जवळ आणले, तेव्हा त्यावर टीका झाली. रेयलँडर यांच्या तुलनेत हा फेरफार किरकोळ होता. परंतु ते मासिक वाचकाला प्रत्यक्ष जग दाखविण्याचा दावा करीत होते. फेरफाराचे प्रमाण आणि फसवणुकीचे प्रमाण या भिन्न बाबी आहेत, हे यावरून लक्षात येते.

२) नव्या तंत्राचे स्वरूप :
पूर्वीच्या फेरफारात मूळ छायाचित्र असावेच लागे. कृत्रिम बुद्धिमत्तेने ही अट काढून टाकली. २०१४ मध्ये इयान गुडफेलो व सहकाऱ्यांनी मांडलेल्या पद्धतीत दोन संगणकीय जाळी परस्परांशी स्पर्धा करीत प्रतिमा सुधारत नेत. २०२२ मध्ये सर्वसामान्यांच्या हाती आलेल्या डॅल-ई २, मिडजर्नी आणि स्टेबल डिफ्यूजन या साधनांनी डिफ्यूजन ही पद्धत लोकप्रिय केली. या पद्धतीत शिक्षणाच्या टप्प्यावर असंख्य प्रतिमांमध्ये टप्प्याटप्प्याने ठिपक्यांचा गोंधळ मिसळला जातो आणि तो कसा दूर करावा हे मॉडेलला शिकविले जाते. त्यानंतर निव्वळ गोंधळापासून प्रारंभ करून, दिलेल्या शब्दांना अनुसरून ते नवी प्रतिमा साकारते.

येथे मूलभूत भेद लक्षात घ्यावा लागतो. कॅमेरा समोरच्या वस्तूवरून आलेल्या प्रकाशाची नोंद घेतो; मॉडेल मात्र पूर्वी पाहिलेल्या प्रतिमांच्या आधारे काय संभवते, याची मांडणी करते. एक नोंद आहे, दुसरे अनुमान.

अर्थात, ही सीमारेषा आता मोबाइलमध्येच पुसट होऊ लागली आहे. रात्रीचे छायाचित्र घेताना मोबाइल अनेक चित्रचौकटी एकत्र करतो. मार्च २०२३ मध्ये एका वापरकर्त्याने संगणकाच्या पडद्यावरील चंद्राच्या मुद्दाम अस्पष्ट केलेल्या चित्राचे सॅमसंगच्या मोबाइलने छायाचित्र घेतले, तेव्हा मूळ चित्रात नसलेले बारकावे त्यात उमटले. त्यामुळे कॅमेऱ्याने काढलेले ते सारे खरे, असेही आता सरसकट म्हणता येत नाही.

३) सर्जनशील शक्यता :
या तंत्राकडे केवळ संशयाने पाहणे एकांगी ठरेल. पहिली शक्यता म्हणजे कल्पनेचे दृश्यरूप. जे कॅमेऱ्यासमोर कधीच येणार नाही, ते स्वप्न, मिथक किंवा स्मृती यांना छायाचित्राच्या भाषेत मांडता येते. दुसरी शक्यता साधनांच्या लोकशाहीकरणाची. महागडी लेन्स, प्रकाशयोजना व स्टुडिओ यांच्याअभावी अडणाऱ्या विद्यार्थ्याला आपली संकल्पना आधी पडताळून पाहता येते. तिसरी शक्यता जतनाची. फाटलेली, बुरशी लागलेली जुनी छायाचित्रे दुरुस्त करण्याचे काम आता अल्पावधीत होते.

मात्र जतनाच्या क्षेत्रातही विवेक आवश्यक आहे. पणजीचे नऊवारीतील कृष्णधवल छायाचित्र रंगीत करून पाहण्याचा मोह सहज होतो. परंतु छायाचित्रणाच्या प्रारंभीच्या काळातील काचा मुख्यतः निळ्या प्रकाशाला संवेदनशील होत्या. लाल रंग त्यांवर काळपट उमटे. कपाळावरचे कुंकू अशा छायाचित्रात काळे दिसते आणि गडद लुगडे लाल होते की हिरवे, हे सांगता येत नाही. मॉडेल देते तो रंग अधिक संभाव्य वाटणारा रंग असतो, त्या दिवशीचा रंग नव्हे. असे छायाचित्र घरातील भिंतीवर आनंद देईल. मात्र वस्त्रपरंपरेच्या अभ्यासकाने ते पुरावा म्हणून वापरल्यास त्याची दिशाभूल होईल. म्हणून मूळ प्रत जपणे आणि रंग नंतर भरल्याची नोंद करणे अगत्याचे आहे.

४) नैतिक प्रश्न :

अ) साक्ष : एप्रिल २०२३ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या संघटनेच्या कोलंबियातील २०२१ च्या आंदोलनासंबंधीच्या प्रसिद्धीसाहित्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने घडविलेल्या प्रतिमा आढळल्या. आंदोलकांची ओळख उघड होऊन त्यांना धोका होऊ नये, असा संघटनेचा हेतू होता आणि प्रतिमांखाली तशी नोंदही होती. तथापि टीकेनंतर त्या मागे घ्याव्या लागल्या. प्रत्यक्ष अत्याचाराचे पुरावे जमविणाऱ्या संस्थेने कृत्रिम प्रतिमा वापरल्यास खऱ्या पुराव्यांवरही संशय घेतला जाईल, हा आक्षेप रास्त होता. उद्देश चांगला असला तरी साक्षीच्या ठिकाणी अनुमान बसविता येत नाही.

याची दुसरी बाजू अधिक चिंताजनक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये डेट्रॉइट येथील कमला हॅरिस यांच्या सभेतील गर्दीचे खरे छायाचित्र कृत्रिम असल्याचा चुकीचा दावा डोनाल्ड ट्रम्प यांनी केला. खोटे खरे म्हणून खपविले जाण्याइतकाच, खरे खोटे म्हणून झटकले जाण्याचा धोका मोठा आहे. त्याची सर्वाधिक झळ ज्यांच्याजवळ छायाचित्राखेरीज अन्य पुरावा नाही, अशा दुर्बलांना बसते.

ब) संमती : मॉडेलच्या शिक्षणासाठी प्रतिमांचे प्रचंड साठे लागतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लायन-५बी या संचात प्रतिमा व मजकूर यांच्या सुमारे ५८५ कोटी जोड्यांचे दुवे होते. ज्यांची छायाचित्रे त्यात होती, त्या छायाचित्रकारांची वा व्यक्तींची अनुमती घेतलेली नव्हती. भारताच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्येही व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेली माहिती कक्षेबाहेर ठेवली आहे. समाजमाध्यमावर हौसेने टाकलेले छायाचित्र कोणत्या कामी येईल, यावर सामान्य माणसाचे नियंत्रण राहत नाही. स्त्रियांच्या चेहऱ्यांचा अश्लील प्रतिमांसाठी होणारा गैरवापर हे याचे सर्वांत गंभीर रूप होय.

क) कर्तृत्व : भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांची सुरुवातीची छायाचित्रे पती माणेकशॉ यांच्या नावाने प्रसिद्ध होत असत. छायाचित्राखालील नावाचा प्रश्न छायाचित्रणाला नवा नाही. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती. तर संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण होण्यास कारणीभूत झालेली व्यक्ती. परंतु शब्दसूचना देणारा, मॉडेल घडविणारी कंपनी आणि ज्यांच्या छायाचित्रांवर ते शिकले ते छायाचित्रकार यांपैकी कारणीभूत कोण, याचे उत्तर ही तरतूद स्पष्टपणे देत नाही. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये जेसन ॲलन यांच्या पारितोषिकप्राप्त प्रतिमेची नोंदणी नाकारताना मानवी कर्तृत्वाचा आग्रह धरला.

ड) पूर्वग्रह : ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने २०२३ मध्ये स्टेबल डिफ्यूजनकडून पाच हजारांहून अधिक प्रतिमा घडवून घेतल्या. अधिक वेतनाच्या व्यवसायांसाठी मुख्यतः उजळ वर्णाचे, तर कमी वेतनाच्या कामांसाठी गडद वर्णाचे चेहरे पुढे आले. अनुमान करणारे यंत्र समाजातील विषमतेचेच अनुमान करते, हे येथे स्पष्ट होते.

५) उपाययोजना :
२०२१ मध्ये स्थापन झालेल्या सीटूपीए या आघाडीने प्रतिमेसोबत तिच्या उगमाची व बदलांची नोंद जोडणारे मानक विकसित केले. ऑक्टोबर २०२३ मधील लायका एम११-पी या कॅमेऱ्यात ती सोय अंगभूत देण्यात आली. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्यात कृत्रिम प्रतिमा ओळखू येतील अशा खुणा करण्याचे बंधन घातले आहे. भारत सरकारनेही ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा आशयावर ठळक नोंद असावी, यासाठी नियमदुरुस्तीचा मसुदा प्रसिद्ध केला. तथापि उगमाची नोंद प्रतिमेपासून वेगळी करता येते आणि पडद्याचे पुन्हा छायाचित्र काढल्यास ती टिकत नाही. म्हणून तंत्र व कायदा यांना संपादकाचा, शिक्षकाचा आणि पाहणाऱ्याचा विवेक पूरक ठरावा लागतो.

निष्कर्ष :
१) फेरफार छायाचित्रणाइतकाच जुना आहे, नवे आहे ते मूळ दृश्याशिवाय प्रतिमा निर्माण करण्याचे सामर्थ्य.
२) कलेच्या क्षेत्रात कृत्रिम बुद्धिमत्ता सर्जनशील साधन ठरू शकते, मात्र प्रतिमेचे स्वरूप जाहीर करणे आवश्यक आहे.
३) वृत्त, न्याय, संशोधन आणि मानवी हक्क या क्षेत्रांत छायाचित्र साक्षीचे काम करते. तेथे कृत्रिम प्रतिमेला छायाचित्राचे स्थान देऊ नये.
४) ज्यांच्या प्रतिमांवर मॉडेल शिकतात, त्यांची संमती आणि मोबदला यांविषयी भारतीय कायद्यात स्पष्टता येणे गरजेचे आहे.
५) महाविद्यालयीन अभ्यासक्रमात प्रतिमा-साक्षरतेचा समावेश होणे उचित ठरेल.

समारोप :
एल्डॅगसेन यांची प्रतिमा आणि कुस्तीपटूंचे बनावट हसू यांतील फरक तंत्रात नाही, दाव्यात आहे. एल्डॅगसेन यांनी पारितोषिक नाकारून प्रतिमेचे खरे स्वरूप चर्चेत आणले. बनावट हसू पसरविणाऱ्यांनी ते लपविले. यंत्राला कल्पना करू देण्यास हरकत नाही. परंतु त्या कल्पनेला कोणाच्या तरी दुःखाचा किंवा आनंदाचा पुरावा म्हणून उभे केले जाऊ नये. वाहनात बसलेल्या त्या दोघींचे चेहरे गंभीर होते, एवढी साधी वस्तुस्थिती जपणे हेच छायाचित्रणाचे नैतिक कर्तव्य आहे.