राखाडी मातीची साक्ष

पावसाळ्यात नालासोपारा किंवा वसईच्या सखल भागांत पाणी साचले की चर्चा नाल्यांकडे वळते. गाळ वेळेवर काढला का, कंत्राटदाराने काम पुरे केले का, प्लास्टिकने मोऱ्या तुंबल्या का, असे प्रश्न विचारले जातात आणि ते विचारायलाच हवेत. पण जुलै 2018 मध्ये नालासोपारा स्थानकातले रूळ बुडाले, लोकल बंद पडल्या, मिठागरांत कामगार अडकले, तेव्हा जे घडले त्याचे मूळ केवळ न उपसलेल्या गाळात शोधता येत नाही. वसई-विरार शहराचा मोठा भाग ज्या मातीवर उभा आहे ती पाण्याचा निचरा होऊ न देणारी माती आहे. शहर वसण्याच्या कितीतरी आधीपासून ती तशीच आहे आणि आपल्या थरांत तिने त्याची नोंदही ठेवली आहे. ती नोंद न वाचता आखलेले नगर नाले स्वच्छ असतानाही बुडत राहील, असे मला वाटते.

या मातीची घडण भूगोलात आहे. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी. किनाऱ्यालगत वाळूचे उंचवटे आहेत, डोंगराच्या पायथ्याशी उताराची जमीन आहे आणि या दोहोंच्या मध्ये एक सखल पट्टा आहे. जुन्या नोंदींत वसईचा पश्चिम भाग बेट म्हणून दाखवला जाई, कारण सोपाऱ्याची खाडी त्याला मुख्य भूमीपासून वेगळे करी. या खाडीच्या बळावर शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारा, हे बंदर नावारूपाला आले. सोपाऱ्याचा स्तूप भगवानलाल इंद्रजींनी 1882 मध्ये उकरला, तोवर गलबतांची वाट केव्हाच गाळाने भरून गेली होती. डोंगरातून येणारे पावसाचे पाणी आणि समुद्रातून आत शिरणारी भरती या पट्ट्यात समोरासमोर येतात. तिथे पाण्याचा वेग मरतो आणि संथ पाण्यातून सर्वांत बारीक गाळ खाली बसतो. नदीकाठच्या सर्व पूरमैदानांचा नियम हाच आहे. जाड रेती प्रवाहाच्या काठाशी पडते, तर दूरच्या खोलगट भागात चिकणमातीचे थर साचत जातात. वसईत त्यात भरतीच्या मिठाची भर पडली.

चिकणमातीचा कण 0.002 मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. अशा मातीत पोकळ्यांची एकूण जागा वाळूपेक्षा कमी नसते, उलट बहुधा जास्तच असते. पण त्या पोकळ्या इतक्या सूक्ष्म असतात की पाणी त्यांत धरून ठेवले जाते, पुढे सरकत नाही. त्यातही आपल्याकडचा गाळ काळ्या कातळाच्या झिजेतून आलेला, म्हणजे भिजला की फुगणारा. पहिल्या पावसात उन्हाळ्यातल्या भेगा मिटल्या की पाणी मुरण्याची वाटही बंद होते. समुद्राच्या मिठातले सोडियम आणखी एक गोष्ट करते. वरचे मीठ पावसाने धुऊन गेले की उरलेल्या सोडियममुळे मातीचे कण एकमेकांपासून सुटतात आणि बारीक छिद्रे बुजवतात. याच वसईत थोडे पश्चिमेला, निर्मळ, भुईगाव, आगाशीकडे गेले की चित्र उलटे होते. तिथल्या रेताड जमिनीत पाऊस झिरपतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत राहतो. विहिरी, बावखले म्हणजे छोटी तळी, आणि केळीच्या वाड्या त्या थरावरच पोसल्या गेल्या. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडतो, जमीन मात्र सारखी नाही.

सखल पट्ट्यातल्या मातीचा रंग हा माझा मुख्य पुरावा आहे. मीटरभर खोल खड्डा घेतला तर वर तपकिरी थर, त्याखाली मुळांच्या जुन्या वाटांभोवती गंजासारखे तांबूस ठिपके आणि आणखी खाली निळसर राखाडी चिखल दिसतो. पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. त्यामुळे पाणी भरलेल्या मातीत जिवाणू उरलेला प्राणवायू लवकरच संपवतात. मग जगण्यासाठी ते आधी नायट्रेट वापरतात, नंतर मँगनीज, नंतर लोह आणि शेवटी सल्फेट. मातीला तांबूसपणा देणारे लोह या क्रियेत विरघळते, वाहून जाते आणि मागे राखाडी रंग उरतो. जिथे मुळांच्या वाटेने थोडी हवा पोचते तिथे ते लोह पुन्हा गंजते. सल्फेटची पाळी आली की कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो, आणि खाडीकाठच्या चिखलात पाय रोवलेल्या कुणालाही तो ओळखीचा असतो. म्हणून राखाडी थर जितक्या वर सुरू होतो तितक्या उंचीपर्यंत दरवर्षी दीर्घकाळ पाणी उभे राहते, असे मृदातज्ज्ञ मानतात. पूररेषेचा नकाशा काही दशकांच्या नोंदींवर बेततात, मातीचा रंग मात्र कित्येक शतकांच्या पावसाळ्यांचा हिशेब ठेवतो.

दुसरा पुरावा माणसांच्या व्यवहारातला आहे. या पट्ट्यात मिठागरे आली ती केवळ समुद्र जवळ आहे म्हणून नव्हे. कोंड्यांत सोडलेले खारे पाणी महिनोन्‌महिने जमिनीत न जिरता उन्हाने आटले पाहिजे, तरच मीठ पिकते. ज्या जमिनीतून पाणी मुरते तिथे मिठागर चालत नाही. शेतकऱ्यांनीही या मातीशी भांडण केले नाही. बांध घालून भरती अडवायची, ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, साचलेले पाणी सोडायचे, पहिल्या पावसांनी क्षार धुऊन जाऊ द्यायचे आणि मग खारे भात घ्यायचे, अशी ही खारजमिनीची शेती. भाताच्या देठातून मुळांपर्यंत हवा पोचवणाऱ्या पोकळ नळ्या असतात, म्हणून प्राणवायू नसलेल्या चिखलातही ते तगते. खारभूमीसाठी 1948 मध्ये आणि पुन्हा 1979 मध्ये कायदे झाले. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने क्षार सोसणाऱ्या भाताच्या जातीही दिल्या. शासनाला आणि शास्त्राला ही जमीन वेगळी आहे हे ठाऊक होते. नगररचनेपर्यंत मात्र ते ज्ञान पोचले नाही.

मोठे नाले बांधा, पंप बसवा, प्रश्न सुटेल, असे यावर म्हटले जाईल. नाले लागतीलच. पण या पट्ट्याला उतार नाममात्र आहे आणि नाल्यांची तोंडे खाडीत आहेत. भरती दर साडेबारा तासांनी येते. तिच्या वेळी खाडीची पातळी नाल्याच्या वर चढली की पाणी बाहेर जात नाही, उलट आत येते. शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर दहा लाख लिटर पाणी. ते मुरणार नाही आणि ओहोटीपर्यंत वाहणारही नाही, तर मधल्या तासांत त्याला कुठेतरी थांबावे लागेल. मिठागरे आणि खाजणे ही ती थांबण्याची जागा होती. 2018 च्या पुरानंतर वसई-विरार महापालिकेने मुंबईची आयआयटी आणि नीरी या संस्थांकडे अभ्यास सोपवला, त्यात धारण तलावांचा मार्ग पुढे आला. म्हणजे जे काम जमीन फुकट करत होती, ते आता खर्च करून उभारायचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मुंबईही भरावावरच वाढली, नेदरलँड्सचा केवढा तरी भाग समुद्रसपाटीखाली आहे, मग वसईलाच बंदी का? नेदरलँड्समध्ये पंप कायम चालवावे लागतात आणि पाणी उपसलेली जमीन हळूहळू खचत जाते, हे त्या उदाहरणात सहसा सांगितले जात नाही. मुंबईत मिठी नदीच्या दलदलीवर भराव टाकला गेला आणि 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा नदीला पसरायला जागाच उरली नव्हती. भराव मातीचा स्वभाव बदलत नाही, फक्त झाकतो. त्याच्या वजनाने खालच्या मऊ चिखलातले पाणी वर्षानुवर्षे पिळून निघते आणि रस्ते, गटारे, पायऱ्या असमान खचतात. शिवाय एका भूखंडाची उंची वाढली की त्यावरचे पाणी शेजारच्या जुन्या चाळीत जाते. त्या चाळीतले लोक बहुधा तळमजल्यावर राहणारे आणि हातावर पोट असलेले असतात. बुडालेली गादी आणि भिजलेले धान्य त्यांच्या वाट्याला येते, भरावाचा नफा दुसऱ्याच्या. शोषखड्डेही अशा जमिनीत निकामी ठरतात, कारण सांडपाणी शुद्ध होण्यासाठी मातीत हवा लागते. इथे मैला आणि पुराचे पाणी एकमेकांत मिसळते.

लोकांना परवडणारी घरे हवी आहेत आणि मुंबईत ती नाहीत, हे खरे आहे. वसई-विरारला वस्ती नको असे माझे म्हणणे नाही. पण घर कुठे आणि कसे बांधायचे हे ठरवताना खालची माती पाहायला काहीच अडचण नाही. नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षणाची संस्था आहे, रंग मोजायला मुन्सेलची रंगपट्टी आहे आणि मीटरभर खोल मातीचा नमुना काढायला हाताने फिरवायचे साधे अवजार पुरते. बांधकाम परवानगीच्या कागदांत राखाडी थर किती खोलीवर लागला ही एक नोंद सक्तीची करता येईल. तो थर पृष्ठभागालगत असेल तिथे भराव नाकारावा. जिथे वस्ती आधीच झाली आहे तिथे तळमजला मोकळा ठेवून पुनर्बांधणीला मुभा द्यावी, आणि उरलेली मिठागरे पाणी थांबण्यासाठी राखून ठेवावीत. हे न करता विकलेल्या प्रत्येक सदनिकेत, घेणाऱ्याला न सांगितलेला एक दोष त्याच्या हप्त्यांसोबत त्याच्या गळ्यात पडतो.