मका आला, चुना मागे राहिला

मेक्सिकोतल्या टेक्सकोकोत मी ज्यांच्या घरी राहायचे, त्या बाई रात्रीची जेवणं आटोपली की पातेल्यात मका घ्यायच्या, तो बुडेल इतकं पाणी घालायच्या आणि त्यात खायचा चुना कालवायच्या. किलोभर मक्याला साधारण दहा ग्रॅम. पाणी आधी दुधाळ दिसायचं, मका रटरटू लागला की पिवळं व्हायचं. मग बाई एक दाणा उचलून अंगठा आणि तर्जनीत चोळून पाहायच्या. साल सुटून बोटाला चिकटली की गॅस बंद. पातेलं रात्रभर झाकून ठेवायचं, सकाळी ते पाणी ओतून दाणे खळखळून धुवायचे आणि गल्लीतल्या गिरणीवर न्यायचे. ही गिरणी ओला दाणा दळते. तिथून थेट गोळाच हाती येतो, मऊ, ओलसर आणि किंचित मातकट वासाचा.

मी वर्धा जिल्ह्यातली. शेतीचं शिक्षण घ्यायला मेक्सिकोला गेले आणि तिथं सर्वांत जास्त शिकले ते या पातेल्यापाशी.

मक्याची भाकरी थापणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असतं की या पिठाला विरी नसते. कडा फाटतात, तव्यावर टाकताना भाकरी मोडते, म्हणून उकळतं पाणी घालावं लागतं किंवा थोडी कणीक मिसळावी लागते. इकडे तोच मका दोन पत्र्यांमध्ये दाबला की पातळ, गोल तोर्तिया निघते, हातावर घेऊन उलटली तरी फाटत नाही आणि तव्यावर टम्म फुगते. करामत चुन्याची आहे. चुन्याच्या पाण्यात दाण्याची साल धरून ठेवणारा हेमिसेल्युलोज विरघळतो, स्टार्च थोडा फुगतो आणि चुन्यातलं कॅल्शियम या सगळ्यांना एकमेकांशी बांधतं. शिवाय रोजच्या जेवणातून हाडांना कॅल्शियम मिळतं ते वेगळंच.

पण याहून मोठी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. मक्यात नायासिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व असतं, मात्र ते अशा घट्ट बंधनात असतं की आपल्या आतड्यांना सोडवता येत नाही. चुन्याचं पाणी ते मोकळं करतं. मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या भागात ही रीत किमान तीन हजार वर्षं जुनी आहे. जीवनसत्त्व हा शब्द विसाव्या शतकातला. त्याच्या कितीतरी आधी चुलीपुढे बसलेल्या बायकांनी हे साधलं होतं, आणि मला आजही हे आठवलं की हात जोडावेसे वाटतात.

स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला. जहाजावर धान्य चढवणाऱ्यांनी ते रांधणारीला काही विचारलं नाही. चुना मागेच राहिला. १७३५ च्या सुमारास गास्पार कासाल नावाच्या वैद्यानं उत्तर स्पेनमधल्या गरीब शेतकऱ्यांमध्ये एक विचित्र आजार पाहिला. उन्हात उघड्या पडणाऱ्या कातडीवर, विशेषतः हातांवर आणि गळ्याभोवती, लालकाळे खवले चढायचे. त्यामागून हगवण, मग भ्रम, मग मृत्यू. पुढे उत्तर इटलीत मक्याच्या घाट्यावर जगणाऱ्या खेड्यांत हाच आजार ठाण मांडून बसला. त्याला पेलाग्रा म्हणू लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत त्यानं हजारो माणसं मारली. हा संसर्ग नाही, अन्नातली उणीव आहे, हे जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवलं आणि नेमकं कशाची उणीव, ते १९३७ मध्ये कॉनरॅड एल्व्हेजेम यांच्या प्रयोगांतून कळलं: नायासिनची. मका जिथं जन्मला तिथं मात्र चुन्यासोबत मका खाणाऱ्यांना हा आजार सहसा शिवला नव्हता.

वाचता वाचता हा धागा मला थेट आपल्या मातीत घेऊन आला. दख्खनच्या पठारावर जवळजवळ निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या मजुरांमध्येही पेलाग्रा आढळत होता. हैदराबादला सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी त्याचा अभ्यास केला. ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल फार असतं आणि ते नायासिनच्या कामात अडथळा आणतं, असं त्यांनी १९६० मध्ये मांडलं. त्या मांडणीवर पुढे वाद झाले, पण पथ्य निर्विवाद आहे: नुसतं एक धान्य खाऊ नये. आमच्या घरी भाकरीसोबत वरण असतं, ताटाच्या कडेला शेंगदाण्याची चटणी असते. शेंगदाण्यात नायासिन भरपूर. आजी ती चटणी वाढताना चवीचाच विचार करत असणार. पण ज्या मजुराच्या भाकरीसोबत मिठाशिवाय काही नव्हतं, त्याला तेवढंही मिळालं नाही.

मका मुळात दिसायचा कसा, हेही टेक्सकोकोलाच पाहिलं. त्याचा पूर्वज तेओसिंते अजूनही मेक्सिको खोऱ्यात चाल्कोच्या बाजूला शेतात तणासारखा उगवतो. कणीस करंगळीपेक्षा लहान. त्यात पाच ते बारा दाणे, आणि प्रत्येक दाणा दगडासारख्या कवचात. दाताखाली धरला तर दातच दुखतो. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी दक्षिण मेक्सिकोत, बाल्सास नदीच्या खोऱ्यात माणसांनी या गवतातून मका घडवायला सुरुवात केली. दाणा कवचातून बाहेर येण्यामागे मुख्यतः एकाच जनुकातला बदल आहे. तो बदल झालेलं रोप कुणाच्या तरी नजरेत भरलं, त्याचं बी जपून ठेवलं गेलं. आजचा मका माणसाशिवाय टिकूच शकत नाही, कारण कणसाच्या पानांत गुंडाळलेले दाणे आपणहून झडत नाहीत. आणि कणसाला जी केसांची शेंडी असते ना, तिच्यातला एकेक केस एकेका दाण्याकडे जातो. केसावर पडलेल्या परागकणाची नळी त्यातून आत उतरली तरच तो दाणा भरतो. हे कळल्यापासून मी कणीस सोलताना ते केस झटकून टाकू शकत नाही, आधी थोडा वेळ पाहत बसते.

या तेओसिंतेचा मक्याशी संकर करणाऱ्यांत एक वर्ध्याचा माणूस होता, पांडुरंग सदाशिव खानखोजे. क्रांतिकारक म्हणून देश सोडलेला, अमेरिकेत गदर चळवळीत असलेला आणि तिथंच शेतीशास्त्र शिकलेला हा माणूस १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचला. टेक्सकोकोजवळच्या चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात तो प्राध्यापक झाला. गरीब शेतकऱ्यांसाठी त्यानं मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रंगवलेल्या एका चित्रात पंगतीच्या अग्रभागी बसून भाकर मोडणारे आहेत ते खानखोजेच. त्या चित्रापुढे उभी असताना मला पहिल्यांदा जाणवलं की माझ्या जिल्ह्यातून इथवर वाट आधीच पडलेली आहे. चापिंगोत २०२२ मध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला. वर्ध्यात, मी शाळेत होते तोवर, त्यांचं नाव माझ्या कानावर आलं नव्हतं, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

बाजारात गेलं की दर खेपेला असंच काहीतरी पुढं यायचं. बायका फड्या निवडुंगाची पानं पुढ्यात घेऊन बसतात आणि सुरीनं काटे सपासप तासून काढतात. त्या पानांची भाजी होते, भेंडीसारखी बुळबुळीत, किंचित आंबट. आपल्याकडे हा निवडुंग कुंपणाला लावला, तो रानोमाळ पसरला आणि डोकेदुखी झाला, कारण त्याला खाणारं कुणी सोबत आलं नव्हतं. १७९५ मध्ये इंग्रजांनी कलकत्त्याला एक किडा आणला. मेक्सिकोतला किरमिजी रंग देणारा किडा या निवडुंगावर वाढतो, आणि हा तोच, असा त्यांचा समज होता. निघाला दुसराच. त्यानं रंग काही धड दिला नाही, पण एका जातीचा निवडुंग फस्त केला. तेव्हा कुठं निवडुंगाला इथं खाणारा भेटला.

चिकूचंही तसंच. घोलवड-डहाणूचं फळ आपण आपलंच मानतो, पण झाड मेक्सिकोच्या जंगलातलं, आणि तिथं त्याच्या खोडावर नागमोडी चिरा पाडून चीक गोळा करतात. चघळायचा गम मुळात याच चिकाचा असे. आपल्याकडे फळ आलं, चिकाचं काम आलं नाही. झेंडूला मात्र इथं नवं घर मिळालं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेक्सिकोत मृतांच्या सणाला घराघरांत झेंडूच्या राशी पडतात, आणि दसऱ्याचं तोरण मी लहानपणापासून ओवत आले तेही त्याच फुलाचं.

उलटा प्रवासही झाला. बाजारात पोत्यांत भरून ठेवलेल्या लाल वाळक्या पाकळ्या दिसल्या. त्यांचं आंबट सरबत तिथं घरोघरी होतं. हातात घेऊन वास घेतला तर अंबाडीची बोंडं! आफ्रिकेतून निघालेलं हे झाड आपल्याकडे मुख्यतः पाल्यासाठी रुजलं, तिकडे बोंडांसाठी. गेरेरो राज्यात त्याचं मोठं पीक घेतात. माझ्या घरमालकीणबाईंनी आयुष्यभर ते सरबत केलेलं, पण पाल्याची भाजी होते हे ऐकून त्या चकित झाल्या. तूरडाळ, लसूण आणि ज्वारीच्या कण्या घालून कशी शिजवायची, ते मी सांगितलं. टेक्सकोको समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरवर आहे. तिथं पाणी ९३ अंशांच्या आतच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजायला फार वेळ लागतो, हेही बजावलं.

कण्या म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी ज्वारीचा फोटो दाखवला. त्यांनी लगेच ओळखली. उत्तरेकडे तामाउलिपासमध्ये त्यांच्या भावाच्या शेतात हीच असते. मेक्सिको दरवर्षी लाखो टन ज्वारी पिकवतो, आणि ती जवळजवळ सगळी कोंबड्या, डुकरं आणि गुरांच्या खाद्याला जाते. माणसं हिची भाकरी थापून खातात, यावर बाईंचा विश्वास बसेना. दुसऱ्याच दिवशी त्यांनी भावाला फोन करून किलोभर ज्वारी मागवली, आणि ती रात्री चुन्यात भिजत घालायची का, असं मला विचारलं.