जुनी खुर्ची भंगारात देताय? आधी विणकाम बघा

जालना : बैठक फाटली की जुनी सागवानी खुर्ची मातीमोल भावात भंगारवाल्याकडे जाते. पण लाकूड शाबूत असेल, तर बैठक नव्याने विणून घेता येते. त्यासाठी आधी विणकाम ओळखा.

वेत : पट्टी एका बाजूने चकचकीत, दुसऱ्या बाजूने खरबरीत. चौकटीला ओळीने भोकं असतील तर हातविणी. भोकांऐवजी चर असेल तर तयार जाळी बसवलेली. हातविणीला वेळ जास्त लागतो.

प्लास्टिक : दिसायला वेतासारखी, पण पट्टी दोन्हीकडून सारखीच गुळगुळीत. पाण्याने बिघडत नाही, कायम उन्हात ठेवली तर तडकते.

नवार : बाजेला असते तीच रुंद सुती पट्टी. सैल झाली तर सोडून, धुऊन पुन्हा ताणता येते.

सुंभ : हाताला टोचणारी पिळाची दोरी. सारखी भिजली की कुजते.

वेत फाटला नसेल, नुसताच सैल पडला असेल, तर खुर्ची उलटी करून खालून ओल्या फडक्याने भिजवा आणि सावलीत वाळवा. बैठक बरीचशी ताणली जाते. विणायला देताना मात्र वेत घालणार की प्लास्टिक, हे आधी विचारूनच भाव ठरवा.