पाणी कशावर तापवायचं? गॅस, डिझेल, गीझर की हीट पंप : उज्जैनच्या लॉज-धर्मशाळांसाठी सरळ हिशेब

उज्जैन : महाकालाची भस्मारती पहाटे 4 वाजता असते. त्यासाठी भाविक रात्री 1-2 पासूनच आंघोळीला उठतात. इतर गावांतले लॉजवाले गाढ झोपेत असतात, त्या वेळी इथल्या टाकीत गरम पाणी तयार लागतं. ऑक्टोबर 2022 मध्ये महाकाल लोक सुरू झाल्यापासून गर्दी वाढली आणि गरम पाण्याचा खर्चही वाढला. आता 2028 च्या सिंहस्थाकडे बघून नवीन खोल्या बांधणाऱ्यांना विक्रेते सांगतात की हीट पंप बसवा, बिल एक तृतीयांशावर येईल. यात तथ्य आहे, पण ते सगळ्यांना सारखं लागू पडत नाही.

हीट पंप काम कसं करतो?

फ्रीजच्या मागची जाळी गरम लागते ना, तेच तत्त्व. फ्रीज आतली उष्णता ओढून बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो. वीज लागते ती फक्त कॉम्प्रेसर आणि पंखा चालवायला. त्यामुळे 1 युनिट विजेत साधारण 3 युनिट उष्णता मिळते. या पटीला सीओपी म्हणतात. साध्या गीझरमध्ये 1 युनिट विजेची फार तर 1 युनिटच उष्णता होते.

युरोपात कडाक्याच्या थंडीत या यंत्रावर बर्फ धरतो आणि त्याची ताकद घटते. माळव्यात ती अडचण फारशी नाही. इथे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गार असल्या तरी दुपारी ऊन असतं. श्रावणात ढगांमुळे सोलर हीटर मार खातो, पण हवा उबदार आणि दमट असल्याने हीट पंप मजेत चालतो.

1000 लिटरचा खर्च

पाणी 20 अंशांवरून 50 अंशांवर न्यायचं, तर 30,000 किलोकॅलरी म्हणजे सुमारे 35 युनिट उष्णता लागते. वीज 8 रुपये युनिट, व्यावसायिक गॅस 95 रुपये किलो आणि डिझेल 92 रुपये लिटर धरू. हे दर फक्त उदाहरणासाठी आहेत, आपल्या बिलावरचे दर घालून बघा.

- डिझेल बॉयलर : सुमारे 4.4 लिटर, म्हणजे 405 रुपये
- गॅस बॉयलर : सुमारे 3.4 किलो, म्हणजे 323 रुपये
- साधा गीझर : सुमारे 37 युनिट, म्हणजे 296 रुपये
- हीट पंप : सुमारे 12 युनिट, म्हणजे 96 रुपये

लाकडाच्या बंबाला एवढ्याच पाण्यासाठी 25-30 किलो लाकूड सहज जातं. शिवाय धूर, राख आणि रात्री जागणारा माणूस, हे वेगळंच.

मग सगळ्यांनीच घ्यावा का?

इथे खोल्या भरतात किती, हा प्रश्न येतो. गॅसच्या तुलनेत 1000 लिटरमागे 227 रुपये वाचतात. टाकीसह हीट पंपाचा जादा खर्च 3 लाख रुपये धरला आणि वर्षातले 250 दिवस एवढं पाणी लागलं, तर वर्षाला सुमारे 57 हजार वाचतात. पैसे साधारण सव्वापाच वर्षांत सुटतात. पण वर्षात 100 दिवसच खोल्या भरत असतील तर 13 वर्षं लागतील. तोवर मशीन म्हातारं झालेलं असेल.

म्हणून केवळ सिंहस्थासाठी हा खर्च करू नका. सिंहस्थ एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात येतो. तेव्हा गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आपोआपच तापलेलं असतं. हीट पंपाची खरी कमाई नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि पावसाळ्यातल्या गर्दीत आहे.

बसवताना काय बघायचं?

हीट पंप हळू तापवतो. 12 किलोवॉट उष्णता देणाऱ्या यंत्राला 1000 लिटरसाठी सुमारे 3 तास लागतात. रात्री 1 वाजता बटण दाबून भागणार नाही. चांगली इन्सुलेटेड टाकी घ्या आणि पाणी दुपारीच तापवून ठेवा. दुपारी हवा गरम असल्याने वीजही कमी लागते, आणि गच्चीवर सोलर पॅनल असतील तर ती वीज तिथेच वापरली जाते.

यंत्र बंद खोलीत कोंबू नका, त्याला खेळती हवा लागते. बोअरचं जड पाणी असेल तर क्षार साचून सीओपी घसरतो, म्हणून दर वर्षी सफाईचा खर्च हिशेबात धरा. दुरुस्ती करणारा माणूस उज्जैन किंवा इंदूरमध्ये आहे का, ते आधी विचारा. वीज गेली तर काय, याचीही सोय हवी. जुना गॅस बॉयलर लगेच भंगारात काढू नका. अन्नक्षेत्राच्या स्वयंपाकाला हीट पंपाचा उपयोग नाही, तिथे गॅसच लागणार.

धुराचं काय?

आपली बरीचशी वीज कोळशाची आहे. खंडव्याचं सिंगाजी केंद्र जवळच आहे. युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर वरच्या 1000 लिटरसाठी हीट पंपाचा वाटा 8-9 किलो, गॅसचा सुमारे 10 किलो आणि साध्या गीझरचा 26 किलो येतो. म्हणजे गॅसच्या तुलनेत पर्यावरणाचा फायदा आज थोडाच आहे, गीझरच्या तुलनेत मात्र मोठा.

सगळ्यात महत्त्वाचं जिवाचं. छोट्या लॉजमध्ये बाथरूममध्येच गॅस गीझर लावलेले असतात. दार-खिडकी बंद असली की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो आणि माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतो. हीट पंप परवडत नसेल तर राहू द्या, पण गॅस गीझर आजच बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. त्यासाठी लागतो तो प्लंबरचा एक दिवस आणि थोडा पाइप.