तालुक्याच्या गावातली आर्टिकलशिप

चार्टर्ड अकाउंटंट होण्यासाठी नुसत्या परीक्षा पुरत नाहीत. प्रॅक्टिस करणाऱ्या सीएच्या हाताखाली ठरलेला काळ उमेदवारी करावी लागते. तिला आर्टिकलशिप म्हणतात, उमेदवाराला आर्टिकल आणि ज्याच्याकडे ती होते त्या सीएला प्रिन्सिपल. ही पद्धत इंग्लंडमधून आली. मुंबईत १९१८ साली सुरू झालेल्या सरकारी अकाउंटन्सी डिप्लोमालाही तीन वर्षांची उमेदवारी जोडलेली होती. १ जुलै १९४९ रोजी चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा लागू होऊन आयसीएआय ही संस्था उभी राहिली, तेव्हाही उमेदवारीची अट कायम राहिली.

बारावीनंतर चार पेपरांची फाउंडेशन आणि मग सहा पेपरांची इंटरमिजिएट अशी ही वाट आहे. पदवीला ५५ टक्के मिळवलेल्या वाणिज्य पदवीधरांना आणि ६० टक्के मिळवलेल्या इतर पदवीधरांना फाउंडेशन न देता थेट इंटरला प्रवेश मिळतो. इंटरचे दोन्ही ग्रुप सुटले आणि संगणक व ओरिएंटेशनचे प्रशिक्षण झाले, की आर्टिकलशिपची नोंदणी करता येते.

जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेने या उमेदवारीचा चेहरा बदलला. पूर्वी ती तीन वर्षांची होती आणि इंटरचा एकच ग्रुप सुटला तरी सुरू करता येई. काम आणि अभ्यास बरोबरीने चालत. केलेल्या कामाच्या एक षष्ठांश इतकी रजा मिळे आणि ती बहुतेक मुले परीक्षेसाठी राखून ठेवत. आता उमेदवारी दोन वर्षांची झाली आहे, रजा वर्षाला फक्त १२ दिवस, आणि फायनल परीक्षा उमेदवारी संपल्यावर सहा महिन्यांनी. आधी पूर्ण वेळ काम आणि मग पूर्ण वेळ अभ्यास, अशी ही सरळ विभागणी आहे. कागदावर ती चांगली दिसते, पण दोन वर्षे पुस्तक मिटून ठेवणाऱ्याला शेवटचे सहा महिने अपुरे पडतात. फायनलच्या सहा पेपरांचा आवाका तेवढ्यात पेलत नाही. म्हणून नव्या योजनेतही रोजच्या अभ्यासाची सवय मोडून चालत नाही.

काटोलसारख्या तालुक्याच्या गावातल्या मुलापुढे पहिला प्रश्न असतो तो आर्टिकलशिप नागपूरला करायची की गावातच, हा. काटोल नागपूरपासून साठेक किलोमीटरवर, नागपूर-इटारसी रेल्वेमार्गावर आहे. एसटीने किंवा गाडीने रोज जा-ये करणारे आहेत, पण त्यात दिवसाचे तीन-चार तास सहज जातात. आयसीएआयने कामाची वेळ साधारण आठवड्याला ३५ तास धरली आहे, त्यामुळे प्रवासाचे तास अभ्यासाच्या वाट्यातूनच कापले जातात. विद्यावेतनाचे गणितही गावाशी जोडलेले आहे. किमान विद्यावेतनाचे दर लोकसंख्येवर ठरतात: वीस लाख व त्याहून मोठी शहरे, चार ते वीस लाखांची शहरे आणि चार लाखांहून लहान गावे. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहर २४ लाखांवर होते, काटोल ४३ हजारांच्या आसपास. म्हणजे एकाच जिल्ह्यात वरचा दर आणि सर्वांत खालचा दर. नव्या योजनेत हे दर वाढले, तरी लहान गावातल्या रकमेत स्वतंत्र खोली आणि डबा भागत नाही. घरी राहून काम करणाऱ्यालाच ते परवडते.

काम मात्र लहान गावात जास्त शिकवते. मोठ्या फर्ममध्ये एखादा मुलगा महिनोन्महिने एकाच कंपनीच्या साठ्याची तपासणी करीत राहतो. तालुक्याच्या कार्यालयात तोच मुलगा व्हाउचरपासून ताळेबंदापर्यंत सगळे पाहतो, कारण तिथे काम वाटून द्यायला माणसेच कमी असतात.

काटोल हा संत्र्याचा भाग आहे. आंबिया आणि मृग या दोन बहारांवर इथल्या बाजाराची उलाढाल फिरते. अनेक बागाईतदार बहार झाडावर असतानाच बगीचा व्यापाऱ्याला देतात, इसार घेतात आणि बाकीची रक्कम तोडणीच्या वेळी. हा एकच व्यवहार दोन वह्यांत दोन तऱ्हांनी उतरतो. बागाईतदाराचे उत्पन्न शेतीचे, म्हणून केंद्रीय आयकरातून मुक्त. व्यापाऱ्याचा नफा धंद्याचा, म्हणून करपात्र. ताज्या संत्र्यावर जीएसटी नाही, पण डबाबंद रसावर आहे. एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांहून जास्त रोख दिली, तर तो खर्च व्यापाऱ्याला एरवी वजा मिळत नाही. शेतमाल थेट पिकवणाऱ्याकडून घेतला असेल, तर त्याला सवलत आहे. तोच माल दलालामार्फत आला, तर पैसे कोणाला आणि कसे दिले ते बघावे लागते. पुस्तकात दोन ओळींत उरकलेला हा नियम व्यापाऱ्याच्या वहीसमोर बसल्यावर खरा कळतो.

दुसरी शाळा म्हणजे सहकारी संस्था. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार पतसंस्था आणि सेवा सहकारी संस्थांचे दरवर्षी लेखापरीक्षण होते. आर्टिकलच्या हातात पहिल्या दिवशी येतो तो व्हाउचरांचा गठ्ठा. तारीख, खाते, रक्कम, घेणाऱ्याची सही, मंजुरीची सही, आणि पाच हजारांवरच्या पावतीवर रुपयाचे रसीदी तिकीट, एवढे एकेका कागदावर बघायचे. कंटाळवाणे वाटते, पण सही नसलेले एक व्हाउचर कधी कधी महिनाभराच्या रोखीचा घोळ उघडा करते. मग किर्द खतावणीशी ताडायची, हातातली शिल्लक मोजायची, थकबाकीदारांची यादी काढायची. शेवटी लेखापरीक्षक संस्थेला अ, ब, क किंवा ड वर्ग देतो आणि संस्थेला दोषदुरुस्ती अहवाल द्यावा लागतो.

मार्च संपला की बँक शाखांचे ऑडिट लागते. एरवी कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून जास्त थकले, की ते कर्ज अनुत्पादक ठरते. पीककर्जाला मात्र दिवसांचा नव्हे, हंगामांचा हिशोब लागतो: अल्पमुदतीच्या पिकाला दोन हंगाम, दीर्घमुदतीच्या पिकाला एक. शेतीच्या तालुक्यातला आर्टिकल हा फरक आधी शिकतो, शहरातला बहुधा नंतर.

बाकीचे वर्ष तारखांवर चालते. सात तारखेला टीडीएसचा भरणा, अकराला आणि विसाला जीएसटीची विवरणपत्रे, जुलैमध्ये आयकर विवरणपत्रे, सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिट. सप्टेंबरात अभ्यास होत नाही, हे गृहीत धरूनच वेळापत्रक आखावे लागते. त्यातच १९६१ चा आयकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू होत असल्याने पाठ झालेले कलमांचे क्रमांकही नव्याने बसवावे लागणार आहेत.

भाषेची अडचण खरी आहे. सीएची परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही. काटोलमध्ये ग्राहकाशी बोलणे मराठीत, सहकारी संस्थांचे दप्तर मराठीत आणि उत्तरपत्रिका इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला लेखापरीक्षणाचे निष्कर्ष इंग्रजीत मांडण्याचा सराव कार्यालयातच करावा लागतो. अहवालाचा पहिला मसुदा प्रिन्सिपलने त्याच्याकडून लिहून घेतला, तर हा सराव आपोआप होतो. टॅलीत नोंदी टाकण्यापुरतेच त्याला ठेवले, तर दोन वर्षे फुकट जातात. म्हणूनच प्रिन्सिपल निवडताना कार्यालय किती मोठे यापेक्षा तिथे आर्टिकलला काय करायला देतात, हे आधीच्या मुलांना विचारून घ्यावे.

लहान गावात कंपन्यांचे मोठे ऑडिट मिळत नाही, ही उणीव राहतेच. ती भरून काढायला शेवटच्या वर्षात एखाद्या मोठ्या उद्योगात औद्योगिक प्रशिक्षण घेण्याची सोय नियमांत आहे. काटोलच्या मुलाला त्यासाठी नागपूर किंवा बुटीबोरी गाठावी लागते.  उमेदवारी पूर्ण झाल्याचा अर्ज प्रिन्सिपलच्या सहीने संस्थेकडे जातो, आणि फायनलपूर्वीच्या सहा महिन्यांची मोजणी उमेदवारी संपल्यापासून होते.